हौशी कलावंतांची श्रुतिका : संहितेपासून प्रसारणापर्यंत

देवळा : नाटक बसवायचे म्हटले की रंगमंच, नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि या साऱ्यासाठी लागणारा पैसा हे प्रश्न सर्वप्रथम उभे राहतात. तालुक्याच्या ठिकाणी सुसज्ज नाट्यगृह क्वचितच असते, आणि गावातील हौशी कलावंतांचा उत्साह बहुधा याच टप्प्यावर मावळतो. मात्र नाटकाचा एक प्रकार असा आहे की, ज्याला यांपैकी कशाचीही गरज भासत नाही. तो प्रकार म्हणजे श्रुतिका, अर्थात केवळ कानांनी पाहावयाचे नाटक. चार-पाच आवाज, एक शांत खोली, एक ध्वनिमुद्रक आणि नीट लिहिलेली आठ-दहा पानांची संहिता एवढ्या सामग्रीवर ती उभी राहते.

१९९९ मध्ये स्वतंत्र तालुका म्हणून अस्तित्वात आलेल्या देवळ्यासारख्या भागासाठी या प्रकाराचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. गिरणेच्या काठची येथील बोली, घराघरांतील बोलण्याची लकब आणि कांदा-डाळिंबाच्या शेतीभोवती घडलेला शब्दसंग्रह छापील मजकुरात फारसा उतरत नाही. श्रुतिकेत तो जसाच्या तसा ऐकता येतो व जपताही येतो. मात्र विनामानधन काम करणाऱ्या मंडळींकडून श्रुतिका पूर्ण करून घेणे ही स्वतंत्र कला आहे. हौशी उपक्रम बंद पडतात ते बहुतांशी अभिनयाच्या उणिवेमुळे नव्हे, तर नियोजनाच्या अभावामुळे.

परंपरा

नभोवाणीसाठी लिहिलेल्या नाटकाला मराठीत 'नभोनाट्य' आणि त्याच्या छोटेखानी रूपाला 'श्रुतिका' हे शब्द रूढ झाले. केवळ नभोवाणीसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून रिचर्ड ह्यूज यांच्या 'डेंजर' या नाटकाचा उल्लेख केला जातो. ते बीबीसीवरून १५ जानेवारी १९२४ रोजी सादर झाले. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि माणसे अंधारात अडकतात, असे त्याचे कथानक आहे. पात्रांनाही काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. माध्यमाची मर्यादा हेच कथानकाचे बळ करण्याची ही युक्ती आजही नवोदित लेखकांनी अभ्यासावी अशी आहे.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे आकाशवाणीच्या मुंबई, पुणे, नागपूर आदी केंद्रांनी मराठी श्रुतिकेला घराघरांत नेले. मुंबई केंद्रावरील 'प्रपंच' व 'पुन्हा प्रपंच' या कौटुंबिक मालिकांतील टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही पात्रे अनुक्रमे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांमुळे श्रोत्यांच्या परिवारातीलच झाली. केवळ तीन ओळखीचे आवाज, एक घर आणि रोजच्या जगण्यातील विषय एवढ्या आधारावर ही लोकप्रियता उभी राहिली होती, हे हौशी मंडळींनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. विविध भारतीवरील 'हवामहल' या कार्यक्रमानेही हिंदीतून छोट्या नाटिकांचा वेगळा श्रोतृवर्ग घडविला.

नाशिक जिल्ह्याचा संबंध

नभोवाणी आणि शेतकरी यांना जोडणाऱ्या एका महत्त्वाच्या प्रयोगात नाशिक जिल्हा सहभागी होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 'रेडिओ ग्रामीण मंडळे' हा उपक्रम राबविला. पुणे, तत्कालीन अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांचे गट स्थापन करण्यात आले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवायचे, अशी त्याची रीत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. १९५९ मध्ये ही कल्पना देशपातळीवर नेण्यात आली. ऐकणे हे सामूहिक असू शकते आणि ऐकल्यानंतरची चर्चा हाही कार्यक्रमाचाच भाग असतो, हा या प्रयोगाचा धडा श्रुतिकेलाही लागू पडतो.

अलीकडील उदाहरण नाशिक शहरातील 'रेडिओ विश्वास' या सामुदायिक नभोवाणी केंद्राचे आहे. विश्वास ज्ञान प्रबोधिनी व संशोधन संस्थेच्या वतीने चालविल्या जाणाऱ्या या केंद्राने २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे शाळा बंद असताना, जिल्हा परिषदेच्या शाळांतील विद्यार्थ्यांसाठी 'शिक्षण सर्वांसाठी' हा उपक्रम हाती घेतला. सुमारे दीडशे शिक्षकांनी केंद्राच्या स्टुडिओत येऊन इयत्ता तिसरी ते दहावीचे पाठ ध्वनिमुद्रित केले. २०२३ मध्ये केंद्राला राष्ट्रीय सामुदायिक नभोवाणी पुरस्कारांत गौरविण्यात आले. हे पाठ म्हणजे नाटक नव्हे. तथापि ध्वनिमुद्रणाचा पूर्वानुभव नसलेली माणसे योग्य नियोजन मिळाल्यास किती मोठे काम उभे करू शकतात, याची साक्ष त्यातून मिळते.

संहितेची निवड

श्रुतिकेसाठी संहिता दोन प्रकारे मिळू शकते. पहिला मार्ग जुन्या साहित्याचा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांपर्यंत लेखनाचा स्वामित्वहक्क टिकतो. त्यानंतर ते लेखन सर्वांसाठी खुले होते. राम गणेश गडकरी (निधन १९१९), श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१९३४), साने गुरुजी (१९५०) यांचे लेखन या मर्यादेबाहेर गेले आहे. चिं. वि. जोशी (१९६३) यांचे लेखन १ जानेवारी २०२४ पासून खुले झाले. याउलट आचार्य अत्रे (१९६९) यांच्या लेखनावरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत, तर वि. वा. शिरवाडकर (१९९९) यांच्या लेखनावरील हक्क २०५९ च्या अखेरपर्यंत कायम राहतील.

हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्याने सवलत दिली आहे. परंतु ध्वनिमुद्रण करून ते प्रसारित करणे हा निराळा हक्क असून, त्याला ही सवलत लागू होत नाही. गणेशोत्सवात विनापरवानगी सादर करता आलेली एकांकिका इंटरनेटवरही तशीच ठेवता येईल, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. चित्रपटगीतांचे तुकडे पार्श्वसंगीत म्हणून वापरण्यासही संबंधितांची परवानगी आवश्यक असते.

नवख्या गटासाठी दिवाकर, अर्थात शंकर काशीनाथ गर्गे (निधन १९३१) यांच्या नाट्यछटा हा उत्तम आरंभ ठरतो. नाट्यछटेत एकच पात्र बोलते. समोरची माणसे आणि त्यांची उत्तरे त्या बोलण्यावरूनच कळतात. दोन-चार मिनिटांचा हा ऐवज एका कलावंताच्या आवाजाचा कस पाहतो, आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरा मार्ग स्वतः लिहिण्याचा. येथे लांबीचा अंदाज महत्त्वाचा ठरतो. विराम आणि ध्वनिसंकेत धरून दहा मिनिटांच्या श्रुतिकेला साधारणतः अकराशे ते बाराशे शब्द पुरतात. पहिल्या प्रयत्नात पाच ते दहा मिनिटांची मर्यादा, तीन ते पाच पात्रे आणि फार तर दोन स्थळे एवढाच आवाका ठेवणे श्रेयस्कर. एकाच वयाच्या तीन पुरुषांचे आवाज एका प्रसंगात आले, तर श्रोत्याचा गोंधळ उडतो. आजोबा, सून आणि शाळकरी मुलगा असे भिन्न वयाचे आवाज असल्यास पात्रे आपोआप वेगळी ओळखू येतात.

लेखनात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे दिसणाऱ्या गोष्टींचे वर्णन पात्राच्या तोंडी घालणे. 'हा पाहा आपल्या दारात उभा असलेला लाल ट्रॅक्टर' असे प्रत्यक्षात कुणीही म्हणत नाही. माहिती गरजेतून आणि घाईतून यावी लागते. उदाहरणादाखल रचलेला पुढील तुकडा पाहावा :

(रात्र. रातकिडे. लांबवर गडगडाट. पत्र्यावर पावसाचे टपोरे थेंब.)

सुनंदा : (जवळून) अहो, उठा ना. चाळीवरचा कागद फडफडतोय.

भिका : (झोपेतून) अं? बॅटरी कुठं ठेवली?

नाना : (लांबून, दारातून) भिका, आधी वाऱ्याकडची बाजू झाक! मागल्या साली तिथूनच कांदा सडला.

नाना : (जवळ येत) सूनबाई, तू आत थांब. पोराला जाग येईल.

सुनंदा : पोर झोपलंय, नाना. दोघांच्या हातांनी नाही व्हायचं ते.

अवघ्या पाच संवादांत वेळ, स्थळ, नाती, मागील वर्षीचे नुकसान आणि आताचे संकट श्रोत्यापर्यंत पोहोचते. पात्रे परस्परांना नावाने वा नात्याने हाक मारतात, त्यामुळे कोण बोलत आहे हे कळते. 'जवळून', 'लांबून', 'जवळ येत' या सूचनांमुळे डोळ्यांसमोर घर उभे राहते. श्रुतिकेचे नेपथ्य ते हेच.

कलावंत आणि वेळापत्रक

विनामानधन काम करणाऱ्या कलावंताचा वेळ हेच अशा उपक्रमाचे खरे भांडवल असते. कांदा लागवडीचा आणि उन्हाळ कांद्याच्या काढणीचा हंगाम, आठवडे बाजाराचा दिवस, परीक्षा व लग्नसराई यांचा विचार न करता आखलेले वेळापत्रक हमखास कोलमडते. म्हणून ध्वनिमुद्रणाची तारीख आधी ठरवावी आणि तिच्यावरून मागे येत तालमी आखाव्यात. श्रुतिकेत संवाद पाठ करावे लागत नाहीत, ही मोठीच सोय आहे. दोन वाचने, एक तालीम आणि एका दिवसाचे ध्वनिमुद्रण एवढ्यात दहा मिनिटांची श्रुतिका पूर्ण होऊ शकते.

भूमिका वाटताना चेहरा, उंची वा वय पाहण्याचे कारण नाही. निवड डोळे मिटून, केवळ ऐकून करावी. व्यासपीठावर गडगडाटी भाषण करणारी व्यक्ती ध्वनिक्षेपकासमोर अनेकदा कृत्रिम वाटते, तर घरी नातवंडांना गोष्ट सांगणारी आजी सहज प्रभाव पाडते. ज्यांना वाचता येत नाही अशा ज्येष्ठांकडूनही काम करून घेता येते. एकाने हलक्या आवाजात वाक्य सांगावे, ज्येष्ठाने ते आपल्या पद्धतीने म्हणावे आणि सांगणाऱ्याचा आवाज संपादनात काढून टाकावा. प्रत्येक प्रमुख भूमिकेसाठी एक पर्यायी आवाज ठरवून ठेवल्यास ऐनवेळी कुणी आले नाही तरी काम अडत नाही.

सर्वांना एकाच दिवशी एकत्र येणे अशक्य असल्यास दुसरी पद्धत आहे. ऑगस्ट २००५ मध्ये सुरू झालेल्या 'लिब्रिव्हॉक्स' या आंतरराष्ट्रीय उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक हक्कमुक्त पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. तेथे नाटकाची प्रत्येक भूमिका एकेक स्वयंसेवक आपल्या घरी वाचतो आणि संपादक ते तुकडे जुळवितो. नोकरीनिमित्त नाशिक, पुणे वा मुंबईस गेलेल्या गावकऱ्यांना या रीतीने सामावून घेता येते. मात्र समोरच्याचा स्वर ऐकल्याशिवाय दिलेले उत्तर कोरडे वाटण्याचा धोका असतो. त्यासाठी आधी फोनवरून एकत्र वाचन करून घ्यावे, आणि प्रत्येकाने आपले वाक्य किमान तीन निरनिराळ्या भावांत म्हणून पाठवावे.

ध्वनिमुद्रण

महागड्या यंत्रापेक्षा योग्य खोली महत्त्वाची. मोकळ्या भिंतींच्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो आणि हे घुमणे नंतर काढून टाकणे अत्यंत कठीण असते. गाद्या, गोधड्या, कपड्यांनी भरलेली कपाटे किंवा धान्याच्या गोण्या असलेली खोली यासाठी उत्तम. बोलणाऱ्याच्या मागे व दोन्ही बाजूंस गोधड्या टांगल्या तरी लक्षणीय फरक पडतो. पंखा, शीतकपाट आणि शेजारची पाण्याची मोटार बंद असावी. शेतीपंपांच्या विजेची वेळ लक्षात घेऊनच ध्वनिमुद्रणाची वेळ ठरवावी.

चांगल्या भ्रमणध्वनीवरही समाधानकारक ध्वनिमुद्रण होते. तो 'विमान' स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. तोंड आणि ध्वनिक्षेपक यांत साधारण वीतभर अंतर ठेवावे आणि किंचित तिरके बोलावे. त्यामुळे 'प', 'फ', 'भ' या अक्षरांच्या वेळी हवेचा फटका बसत नाही. कुजबूज जवळून, हाक मात्र दोन पावले मागे सरून व मान वळवून द्यावी. कागदाची सळसळ टाळण्यासाठी पाने न टाचता सुटी ठेवावीत. प्रत्येक स्थळी सुरुवातीस तीस सेकंद कुणीही न बोलता केवळ खोलीची शांतता मुद्रित करावी. संपादनात वाक्यांमधील जागा भरण्यासाठी तिचा उपयोग होतो. वाक्य चुकल्यास न थांबता एक टाळी वाजवून ते पुन्हा म्हणावे. टाळीची खूण पडद्यावर उंच दिसते आणि चूक शोधणे सोपे जाते.

ध्वनिसंकेत आणि संपादन

आकाशवाणीच्या नाट्य स्टुडिओत दारे, जिन्याच्या पायऱ्या अशी साधने ध्वनिसंकेतांसाठी ठेवलेली असत. गावात हे साहित्य घरोघरी असते. सुपात तांदूळ हळूहळू फिरविल्यास पावसाची सर भासते, वाळलेल्या पाचोळ्यावरून चालणे शेतातील वाट उभी करते. पितळी बादली, रहाटाची करकर, बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा, लिलावातील गलका हे सारे प्रत्यक्ष जागी जाऊन मुद्रित करता येते. मात्र प्रत्येक हालचालीला आवाज जोडण्याचा मोह टाळावा. प्रसंगाच्या प्रारंभी ठळक ध्वनी द्यावा, तो हळूहळू मंद करावा आणि संवादांना वाट मोकळी करून द्यावी.

संपादनासाठी २००० पासून विनामूल्य उपलब्ध असलेली 'ऑडॅसिटी' ही प्रणाली पुरेशी आहे. संवाद, ध्वनिसंकेत आणि संगीत वेगवेगळ्या पट्ट्यांवर ठेवावेत. मूळ ध्वनिमुद्रण न दाबता साठवावे. प्रसारणासाठी मात्र एकपदरी एमपी-थ्री प्रत दर सेकंदास ६४ किलोबिट या दराने तयार केल्यास दहा मिनिटांची श्रुतिका सुमारे पाच मेगाबाइटमध्ये मावते आणि व्हॉट्सअॅपवरून सहज पाठविता येते. अंतिम प्रत महागड्या हेडफोनवर नव्हे, तर साध्या फोनच्या ध्वनिवर्धकावर, ओट्यावर बसून तपासावी. श्रोता ती तेथेच ऐकणार असतो.

बोलीचा प्रश्न

बागलाण, कळवण, देवळा या परिसरात प्रमाण मराठीबरोबर अहिराणीही बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत, अहिराणीचा समावेश असलेल्या खानदेशी या गटाची भाषकसंख्या अठरा लाखांहून अधिक नोंदली गेली. 'माझे' ऐवजी 'मना', 'मला' ऐवजी 'माले', 'आहे' ऐवजी 'शे' असे बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी पुस्तकी मराठी घातल्यास श्रोता दुरावतो. तितकाच दोष दुसऱ्या टोकालाही आहे. अनेक नाटकांत बोली केवळ नोकराच्या वा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. शिकलेली मुलगी, गावचे शिक्षक, डॉक्टर हेही घरी बोलीत बोलतात, हे श्रुतिकेत ऐकू आले पाहिजे. संहिता प्रमाण मराठीत लिहून कलावंताला ती आपल्या बोलीत म्हणू द्यावी आणि तालमीत जे सहज वाटेल तेच अंतिम संहितेत लिहून घ्यावे, ही पद्धत सोयीची ठरते. बोली एकाच तालुक्यातही गावागणिक बदलते. म्हणून एका कुटुंबातील पात्रांसाठी शक्यतो एकाच परिसरातील आवाज निवडावेत.

प्रसारण, श्रेय आणि जतन

नोव्हेंबर २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्यास केंद्र सरकारने मुभा दिली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेले 'माणदेशी तरंग' हे त्याचे एक ग्रामीण उदाहरण होय. अशा केंद्रांना स्थानिक कार्यक्रमांची नेहमीच गरज असते. मात्र त्यांचे क्षेपण अल्पशक्तीचे असल्याने आवाज काही किलोमीटरच्या परिघातच पोहोचतो, आणि नाशिक शहरातील केंद्र देवळ्यात ऐकू येण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. त्यामुळे येथे भ्रमणध्वनी, शाळेतील ध्वनिवर्धक, वाचनालय आणि गणेशोत्सव वा नवरात्राचा मंडप हीच खरी प्रसारणकेंद्रे ठरतात. १९५६ च्या ग्रामीण मंडळांप्रमाणे एकत्र बसून ऐकणे आणि नंतर बोलणे हा क्रम ठेवल्यास पुढील श्रुतिकेचा विषय बहुधा त्या चर्चेतूनच मिळतो.

विनामानधन काम करणाऱ्याला मिळणारा मोबदला म्हणजे श्रेय. श्रेयनामावलीत वाक्य सांगणाऱ्यापासून खोली देणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे नाव अचूक उच्चारले गेले पाहिजे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणावरील हक्कालाही स्थान मिळाले असून, तो पन्नास वर्षे टिकतो. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वीच एका पानाचे साधे संमतिपत्र घ्यावे. श्रुतिका कुठे प्रसारित होईल, तिची विक्री होईल का आणि आवाजाचा अन्यत्र वापर करण्यापूर्वी पुन्हा विचारले जाईल का, एवढे त्यात स्पष्ट असावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आवाजाची नक्कल करता येऊ लागल्यापासून ही तिसरी अट विशेष महत्त्वाची ठरली आहे. बालकलाकारांच्या बाबतीत पालकांची संमती अनिवार्य समजावी.

शेवटचे काम जतनाचे. मूळ ध्वनिमुद्रण, संहिता, संमतिपत्रे आणि नावांची यादी यांच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. धारिकेच्या नावात गाव, दिनांक आणि शीर्षक असावे. भ्रमणध्वनी बदलला की त्यातील सारे हरवते, हा अनुभव घरोघरी आहे. संपादनात गाळलेले तुकडेही टाकून देऊ नयेत. एखाद्या ज्येष्ठाने तालमीच्या ओघात वापरलेला शेतीचा जुना शब्द, जात्यावरच्या ओवीची चाल किंवा गावाच्या नावामागची कथा श्रुतिकेत बसली नाही, तरी तो त्या आवाजातील एकमेव दस्तऐवज असू शकतो.